उजळलेले बिल्ले

मनोहर, स्पष्टच सांगते. गप्प बसल्याने माणूस मोठा होत नाही, आतून कुजतो. सुनेला एक वाक्य बोलायचं होतं, तेवढंही तुला जमलं नाही.

धाकट्या भावाला जाऊन पंधरवडा झाला, तरी परदेशातल्या आपल्या घरी, मरीन परेडच्या बाल्कनीत बसून नंदाताई त्याला मनातल्या मनात असं पत्र लिहीतच होत्या.

मनोहर त्याच शहरात, टॅम्पिनीसला मुलाकडे राहायचा. पुण्यात कारखान्यात धातू तपासण्यात जन्म गेला, बायको गेल्यावर इथे आला. छंद एकच आणि तोही जगावेगळा. जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेत सुट्ट्या पैशांची चणचण झाली, तेव्हा दुकानदारांनी नाण्यांऐवजी चालतील असे आपापले तांब्याचे बिल्ले पाडून घेतले. कुणावर बूट, कुणावर कंगवा, भोवती दुकानाचं नाव. ते हा जमवायचा.

"जाहिरातच की रे ही!" नंदाताई म्हणायच्या.

"बोट लावू नकोस, ताई. वरचा तपकिरी थर गेला की बिल्ला मेला."

घरात हे त्याने दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंच नव्हतं.

डायलिसिस सुरू झालं तशी त्याला एकच घाई लागली. शहराच्या दुसऱ्या टोकाला, क्लेमेंटीला, तन्मय म्हणून एक संशोधक राहतो, त्यालाही हेच वेड. डोळे मिटायच्या आत बिल्ल्यांचा डबा त्याच्या हाती द्यायचा.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी सुनेने, गार्गीने, ताम्हन-पळी घासायला काढली. पूजेत नाणी हवीत म्हणून सासऱ्यांचा डबाही उघडला आणि एकेक बिल्ला पितांबरीने चोळचोळून काढला. संध्याकाळी चौरंगावर, झेंडूच्या फुलांत, ते सोललेल्या तारेसारखे चमकत होते.

"बाबा, बघा तरी! किती काळे पडले होते!"

मनोहर बघत राहिला. "छान झाले," म्हणाला आणि आरतीला टाळ्या वाजवू लागला.

नंदाताईंनी त्याला स्वयंपाकघरात गाठलं. "अरे, सांग तिला!"

"सणाच्या दिवशी रडवू? माझ्यासाठीच केलं ना तिने."

"आणि तन्मय?"

"त्याला कुठल्या तोंडाने दाखवू? म्हणेल, म्हाताऱ्याने नुसते गोळा केले, कळत काही नव्हतं."

"म्हणू दे! मी येते बरोबर. शनिवारी जाऊ."

त्या शनिवारी तो दमला होता. पुढच्या शनिवारी म्हणे पाऊस. तन्मयचे मेसेज येत, हा उत्तर देईना. मग जेवण सुटलं, डायलिसिसला जायलाही कुरकुर सुरू झाली. "बाबांचं काही चुकतंय का माझ्याकडून?" गार्गी विचारायची. नंदाताई दातांवर दात धरून बसायच्या, कारण भावाने शपथ घातली होती.

हॉस्पिटलात तो आपणहून म्हणाला, "ताई, या शनिवारी नक्की. आधी तू तन्मयला सगळं सांग, मग मी डबा उघडतो."

"सांगते. पण तू ऊठ तरी."

शुक्रवारी पहाटे तो गेला.

बिल्ले आता देवघरात आहेत. बाबांची आठवण म्हणून गार्गी रोज त्यांना हळदकुंकू वाहते. टॅम्पिनीसहून क्लेमेंटीला जायला मध्ये मेट्रोसुद्धा बदलावी लागत नाही. तेवढं जाणं दोघांचं झालं नाही.