डावीकडची ओळ

हणमंतराव गेल्याचा फोन आमच्या साताऱ्याच्या घरी आला तेव्हा मी दाढी करत होतो. फोन त्यांच्या थोरल्या भावाचा होता. ऑपरेशनला पाचच दिवस झाले होते, आणि मी आठव्या दिवशी सांगलीला जायचं ठरवून रजाही टाकली होती. आठव्या दिवशी, कारण त्यांनीच तसं सांगितलं होतं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दवाखान्यात भेटलो तेव्हा म्हणाले, "मास्तर, हितं गर्दी करू नका. आठव्या दिवशी घरी या, च्या घिऊ." मी मास्तर कधीच नव्हतो. प्रत्येक गोष्टीचा तक्ता करायची माझी सवय बघून त्यांनीच ते नाव ठेवलं होतं.

ते मूळचे कडेगावचे. घरचा ऊस भाऊ बघायचे, हे सतरा वर्षं सैन्यात, संदेश पोचवणाऱ्या सिग्नल तुकडीत. हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर सांगलीत पंधरा-वीस वर्षांनी लहान पोरांच्या शेजारी बसून कॉम्प्युटर शिकले. शहाण्णव साली मी ज्या छोट्या कंपनीत लागलो तिथं ते आधीपासून होते. आम्ही पाच जण, दोन कॉम्प्युटर, आणि खाली हळदीचं गोदाम. आठवडाभर मी सांगलीत खोली घेऊन राहायचो आणि शनिवारी दुपारच्या एसटीनं साताऱ्याला यायचो. पुण्याच्या एका कंपनीसाठी आम्ही डीबगर लिहीत होतो. डीबगर म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅममधली चूक शोधायला मदत करणारा प्रोग्रॅम. चूक शोधणाराच खोटं बोलायला लागला तर सगळंच अवघड, म्हणून त्याच्या चाचण्या घेतात: त्याला एक प्रश्न द्यायचा आणि उत्तर काय यायला पाहिजे ते फाइलमध्ये आधीच लिहून ठेवायचं. आमच्या चाचण्या एकशे त्रेचाळीस, सगळ्या हणमंतरावांनी लिहिलेल्या. कॉम्प्युटरला हात लावण्याआधी ते एका लांबट वहीत डावीकडं निळ्या शाईनं 'यायला पाहिजे' लिहायचे, आणि चाचणी चालवून झाल्यावर उजवीकडं 'आलं'. ही रीत त्यांनी घरीही नेली होती. स्कूटर एका लिटरला किती जाईल, थोरलीला दहावीला किती मार्क पडतील, सगळं आधी डावीकडं. वहिनी चेष्टा करायच्या, "लगीन ठरलं तवा काय लिवलं हुतं डावीकडं?"

"तवा वही नव्हती, म्हणून तर फसलो," असं म्हणून ते स्वतःच मोठ्यानं हसायचे.

काम पुण्याला द्यायच्या शनिवारी एकशे बेचाळीस चाचण्या पास आणि एक नापास होती. ती अक्षरांची ओळ छापून दाखवायची चाचणी. नियम साधा होता. ओळ दोनशे अक्षरांपेक्षा लांब असेल तर पहिली दोनशे छापायची आणि पुढं तीन टिंबं द्यायची, म्हणजे अजून बाकी आहे हे कळतं. हणमंतरावांनी मुद्दाम बरोबर दोनशे अक्षरांची ओळ दिली होती. टिंबं यायला नको होती, आणि येत होती. पुण्याची अट अशी की सगळ्या चाचण्या पास, आणि त्याच दिवशी. नाहीतर पुढचं काम दुसरीकडं. ते गेलं तर आमची कंपनी बंद होणार हे पाचही जणांना माहीत होतं. हणमंतराव जेवायला गेले होते. माझी बस अडीचची होती. मी फाइल उघडली, अपेक्षित उत्तराच्या शेवटी तीन टिंबं टाकली आणि चाचण्या पुन्हा चालवल्या. एकशे त्रेचाळीस पास. जन्मभर आकडे जुळवत आलेल्या माणसानं हे केलं... आणि त्या वेळी त्याला बरं वाटलं, हेही लिहिलं पाहिजे.

ते परत आले, पडद्यावरचा आकडा बघितला, आणि वही काढून फाइलशी ताडून बघू लागले. वहीचं मला भानच राहिलं नव्हतं.

"ही टिंबं कुणी टाकली?"

"मी. तीनच टिंबं आहेत, हणमंतराव. कुणाचं काय बिघडतंय?"

"मास्तर, फायरिंगला गोळी हुकली म्हणून टारगेट उचलून गोळीपाशी नेत्यात व्हय?"

आवाज चढलेला नव्हता. त्यांनी टिंबं काढली आणि पुण्याला फोन लावला. "एक नापास हाय साहेब. सोमवारपतूर थांबा, न्हाईतर काम दुसऱ्याला द्या." मग बराच वेळ ते नुसतं "व्हय... व्हय" करत राहिले. मुदत मिळाली. मला म्हणाले, "जावा, घरी वाट बघत असतील." मी गेलो नाही. छापलेले कागद टेबलावर पसरून आम्ही दोघं एकेक ओळ वाचत बसलो. सहाच्या सुमारास सापडलं. प्रोग्रॅम दोनशे अक्षरं मोजून थांबत होता. ओळ तिथंच संपली की पुढं चालू आहे, हे बघतच नव्हता. "एक घर पुढं बघितलं न्हाई गड्या त्यानं," हणमंतराव म्हणाले. मला गड्या ते त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाले. एक ओळ बदलली आणि टिंबं गेली. काम आमच्याकडंच राहिलं. मी काय केलं होतं ते त्यांनी कंपनीत कुणालाही कधी सांगितलं नाही.

मागच्या आठवड्यात सांगलीला त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी चहा दिला आणि तीच लांबट वही पुढं ठेवली. शेवटच्या लिहिलेल्या पानावर ऑपरेशनच्या आदल्या दिवसाची तारीख होती. डावीकडं निळ्या शाईत लिहिलं होतं: आठव्या दिवशी घरी. जिना चढून, कुणाचा हात न धरता. उजवीकडं कोरं होतं.

"भावजी, एवढी वळ खोडून टाका," वहिनी म्हणाल्या. "मला खोडवत न्हाई, आन बघवत बी न्हाई."

मी पेन काढलं. उजवीकडं लिहिलं: पाचव्या दिवशी, सकाळी सहा वाजता, दवाखान्यात. अक्षर वाचता येईल असं काढलं. वहिनींनी वही जवळ ओढून दोन्ही बाजू हळूहळू वाचल्या.

"आन डावीकडचं?"

"ते तसंच राहू द्या वहिनी," मी म्हणालो. "यायला पाहिजे होतं ते तेच."