बाबाले मागच्या रांगेत बसवलं

आता हसाल तुम्ही मले. पण आधी चहा संपवा, नाईतर ठसका लागन. चंद्रपूरच्या टॉकीजमधी मी असे दिवे लावले म्हणता!

माय-बाबा राहतात ब्रह्मपुरीजवळच्या गावात, मी नोकरीपायी गडचांदूरले. धान कापून झालं तसे दोघं माह्याकडे आले. म्हटलं, चला, एसी टॉकीजमधी पिक्चर दाखवतो.

माही कॉलेजातली पोरगी म्हणे, "मी नाई येत. मोबाईलवर येतेच ना. थांबवून थांबवून पाहता येते." हे एक टोक. दुसरं टोक बाबा! त्यायनं पिक्चर पाह्यले जत्रेच्या तंबूत, सतरंजी टाकून. व्हिलन आला की अख्खा तंबू शिव्या दे. अन् मधी मी, चूप बसणारा, मोठा शहाणा!

पिक्चर सुरू झाला अन् बाबाही सुरू झाले. मायच्या कानाशी तोंड नेऊन, पण आवाज पार शेतातला.

"तो जिना चढून राह्यला... हातात सुरा आहे... पोरगी पाठमोरी आहे, तिले पत्ताच नाई!"

"बाबा, चूप बसा ना! हा काय तंबू आहे?"

"बरं, बरं." घटकाभर चूप. मंग पुन्हा, "आता रडून राह्यली ते."

समोरची एक पोरगी सारखी वळून पाहे. मले वाटलं, खुर्चीखाली शिरावं! इंटरवल झाला तसा बाबाचा हात धरला अन् मागच्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीवर नेऊन बसवलं.

"अरे, पण तुही माय..."

"मायजवळ मी आहो ना!"

मंग काय शांतता हो! मी मजेत पॉपकॉर्न खाल्ले. मायनं एकदाच विचारलं, "हे कोण बोलून राह्यलं रे?"

"पाह्य ना माय, समोरच तं आहे."

तिनं पुन्हा विचारलं नाई.

लाईट लागले. समोरची पोरगी वळली. मी माफी मागणार, तं तेच म्हणे, "काका, आजोबा काऊन चूप झाले? लय मजा येऊन राह्यली होती."

अन् माय खुर्च्या चाचपत उतरून राह्यली.

"कसा वाटला पिक्चर?" मी ऐटीत विचारलं.

"इंटरवलपर्यंत लय चांगला दिसला बाबू. मंग नुसता उजेडच हालत राह्यला."

बाबा हळूच म्हणे, "शुगरनं डोळे गेले तिचे. घरी टीव्ही मीच सांगतो. तू टेन्शन घेशील म्हणून बोललो नाई."

मी पॉपकॉर्नचा रिकामा डबा टाकला अन् मायचा हात धरला.

परतताना बसमधी मी मायजवळ बसलो अन् उरलेला पिक्चर सांगाले लागलो. कोण कोणाले मारते, का मारते, काहीबाही. मायनं बिचारीनं थोडा वेळ ऐकलं. मंग माह्या हातावर थोपटून म्हणे,

"राहू दे बाबू. तुह्या बाबाले बसू दे इथी. तू काई नीट पाह्यला नाई वाटते."