हार्लनचं हलकं काडतूस

वायोमिंगात कुंपणं दुरुस्त करणाऱ्या हार्लन टॉफ्टला रानमेंढ्याच्या शिकारीचा परवाना सोडतीत लागला तो सव्वीस वर्षं अर्ज करून, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी. असा परवाना जन्मात एकदाच मिळतो. दुकानवाली व्हर्ना म्हणाली, "अरे, मोठं काडतूस घे. सहाशे वार अंतरावरही त्याचा जोर टिकतो."

"आणि माझा खांदा? आत लोखंड बसवलंय, बाई. मोठ्या काडतुसाच्या दणक्याच्या धास्तीनं मी आधीच डोळे मिटेन. हलकं दे. तीनशे वारांपलीकडे मी मारणारच नाही."

"मग जवळ जायला गुडघे कुणाचे नेणार?"

हार्लन हसला खरा, पण गुडघ्यांनी व्हर्नाचंच म्हणणं खरं केलं. हंगामाच्या शेवटच्या दुपारी मेंढा दिसला तो दरीपल्याड, पाचशे चाळीस वारांवर. दरी उतरून पुन्हा चढणं हार्लनला जमणारं नव्हतं.

"मारा, बाबा. गोळी पोचेल," लेक इंगा कुजबुजली.

"पोचेल गं. पण जोर सरलेली गोळी पोटात बसली, तर तीन दिवस तडफडून मरेल तो."

त्यानं रायफलीतलं काडतूस काढून खिशात टाकलं. मेंढा रवंथ करत बसला होता. उजेड सरेपर्यंत हार्लन त्याच्याकडे बघत राहिला. इंगानं हात धरून उठवलं, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "आता सोडतीत पुन्हा काही माझं नाव लागायचं नाही."