शून्याच्या जागी चार

राउटर नावाच्या डब्याला दोन आठवणी असतात, हे मी आदिलाबाद जिल्ह्यातल्या कचेऱ्या-कचेऱ्यांतून वर्षानुवर्षं सांगत फिरलो, पण एकाही गाढवाच्या डोक्यात ते शिरलं नाही. एक आठवण चालूपुरती. करंट गेला की ती साफ पुसते. दुसरी कायमची, वहीत लिहून ठेवल्यासारखी. करंट आला की राउटर ती वही उघडतो, आपल्याला काय करायचंय ते वाचतो आणि कामाला लागतो. म्हणून सेटिंग बदललं की शेवटी ‘राइट’ असा हुकूम टाइप करायचा, म्हणजे ते वहीत उतरतं. इंग्रजीतली पाच अक्षरं. तेवढीही लोकांच्या बोटांना जड होतात!

मी जिल्ह्याचा नेटवर्कवाला. काय काय बघितलं म्हणून सांगू? एका साहेबांनी दसऱ्याला राउटरची पूजा करून त्याच्या हवेच्या भोकांत हळदकुंकू भरलं होतं. एका अटेंडरने स्वतःचा मोबाइल चार्ज करायला राउटरचीच पिन उपसली आणि वर मला विचारलं, “सारू, नेट काऊन गेलं?” अशा लोकांशी गोड बोलणं मला कधी जमलं नाही, आणि जमवावं असं वाटलंही नाही. मला येतं आणि यांना येत नाही, एवढ्या एका गोष्टीवर मी बरीच वर्षं ताठ मानेने जगलो.

नार्नूरच्या पुढे एक कचेरी आहे. तिथला राउटर आधीच्या ठेकेदाराने बसवलेला, आणि तो महाभाग पासवर्ड न सांगताच निघून गेलेला. मी तो पासवर्ड दहा मिनिटांत तोडला. वही वाचू न देता राउटर उठवला, आत शिरलो, नवा पासवर्ड घातला, सगळं ‘राइट’ केलं. अटेंडरने चहा आणला तो प्यायलो आणि गाडीला किक मारली. पुढे वर्षभर तो राउटर एकदाही बंद पडला नाही, कारण यूपीएसच्या बॅटऱ्या नव्या होत्या.

मग त्या बॅटऱ्या फुगल्या. आता करंट गेला की राउटर बंद, आणि आला की कोरा. जमिनीच्या नोंदी अडायच्या, बाहेर रांग लागायची, आणि माझा फोन वाजायचा. उटनूरवरून फिरून तिथवर कोण जाणार? मी तिथल्या ऑपरेटर बाईला एक निळी केबल आणि सेटिंगची फाइल भरलेला पेनड्राइव्ह दिला, हुकुमांचा एक कागद दिला, आणि घरी बसून फोनवर तिच्याकडून काम करून घ्यायला लागलो.

ही बाई कंत्राटी. दरवर्षी नवी सही झाली तर नोकरी, नाही तर घरी. आमच्याच बाजूच्या गावातली, बौद्ध घरातली. तिचा बाप आमच्या शेतात वखर हाकायचा. ती मला ‘सर’ म्हणायची आणि मी तिला सरळ अगं-तुगं करायचो. तिथल्या तेलुगू साहेबांच्या बायकोला मी ‘मॅडम’ म्हणत होतो, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही.

“उठला का?” मी विचारायचो.

“उठला, सर. पण परत कोराच हाय. सेटिंग करायची का, यस का नो, असं विचारून राह्यला.”

“म्हंजे तू काल राइट नाही केलं.”

“केलं ना, सर. खाली ओके बी आलं.”

“केलं असतं तर राह्यलं नसतं का? उगा थापा नको मारू.”

असं पाच-सहा वेळा झालं. प्रत्येक खेपेला ती म्हणायची, केलं. प्रत्येक खेपेला मी म्हणायचो, खोटं. एकदा ती जरा दबकतच म्हणाली, “सर, तुमच्या कागदावरचं शो स्टार्टअप करून पाह्यलं. वहीत सगळं लिवलेलं दिसते. पण तो वाचूनच नाही राह्यला.”

मी खो खो हसलो. शेजारी बसलेल्या बायकोलाही सांगितलं, ऐक, आता ही मला राउटर शिकवते. फोनवर मी तिला म्हणालो, “वही समोर असून राउटर वाचत नाही? तो काय तुझ्यासारखा कामचुकार आहे?” त्यानंतर तिने पुन्हा कधी काही सुचवलं नाही.

पुढे दोन दिवस काम ठप्प झालं, तेव्हा साहेबांनी माझ्याकडून रिपोर्ट मागवला. मी दोन ओळी लिहिल्या: ऑपरेटर वारंवार सांगूनही सेटिंग कायम करत नाही, हा तिचा हलगर्जीपणा आहे. लिहिताना हात जराही अडला नाही, उलट बरं वाटलं. महिन्याभरात सहीची वेळ आली आणि तिच्या नावापुढे सही झाली नाही.

नवा ऑपरेटर आला. इंजिनियरिंग शिकलेला, इस्त्रीच्या शर्टातला. आठ-दहा दिवसांतच करंट गेला आणि राउटर कोरा उठला. फोनवर तोही म्हणाला, “सर, मी तर सेव केलं होतं.” त्याला मी खोटारडा म्हणालो नाही. म्हणालो, “असं का? मग मशीनमध्येच काही असेल, मी येऊन बघतो.”

भर दुपारी पोचलो. केबल लावली, स्वतः शो स्टार्टअप केलं. सगळं वहीत होतं, ओळ न् ओळ. राउटरची कुंडली दाखवणारा हुकूम दिला आणि थेट तळाच्या ओळीवर गेलो. तिथे एक चार आकडी नंबर असतो. तो ‘एकवीस शून्य दोन’ असला की राउटर उठल्यावर वही वाचतो. पासवर्ड तोडायचा असेल तेव्हा शून्याच्या जागी चार घालतात, म्हणजे राउटर वहीकडे ढुंकूनही बघत नाही. काम झालं की चाराचा पुन्हा शून्य करायचा. हे नवशिक्यालाही माहीत असतं. समोर चार होता. त्या राउटरचा पासवर्ड तोडणारा माणूस एकच, आणि तो चहा पिऊन निघून गेला होता.

चाराचा शून्य केला. राउटर बंद करून पुन्हा चालू केला. शहाण्यासारखा उठला, सगळं वाचलं, दिवे हिरवे. साहेब म्हणाले, “शाब्बास, माणूस जाणकार पाहिजे!” अटेंडरने चहा आणला. तो न पिताच मी उठलो.

तसाच तिच्या गावाला गेलो. त्यांच्या गल्लीत मी जन्मात पहिल्यांदा शिरलो. ती दारात तूर निवडत होती. उठून उभी राहिली आणि आधी विचारलं काय, तर, “राउटर बरा हाय का, सर?”

“बरा आहे. ताई, तुमी म्हनत होते तेच खरं होतं. तो वही वाचतच नव्हता. मीच त्याले तसं सांगून ठेवलं होतं.”

‘ताई’ आणि ‘तुमी’ ऐकून तिने माझ्याकडे नीट पाहिलं. आनंद बिनंद काही दिसला नाही. “शाळेत ऑपरेटरची जागा निघाली,” ती म्हणाली. “मी गेली होती. त्यायनं विचारलं, पयल्या जागेवरून काऊन काढलं? मी काय सांगू, सर?”

“मी जाऊन सांगतो त्यायले. साहेबालेही सांगतो.”

“तोंडी?”

“तोंडीच. आत्ता जातो.”

“तोंडी नको. लिहून द्या. तोंडचं करंट गेला का पुसते, तुमीच शिकवलं ना.”

तिने घरातून कागद आणून दिला. मी लिहिलं: राउटरच्या सेटिंगमध्ये एक आकडा चुकीचा राहून गेला होता, ऑपरेटरचा काही दोष नव्हता. तिने तिथेच उभ्या उभ्या वाचलं आणि कागद माझ्यापुढे धरला.

“राहून गेला म्हंजे? कोणाकून?”

मला तिचा राग आला, खरं सांगतो. त्या क्षणीसुद्धा आला. मग मी ‘राहून गेला’ या शब्दांच्या आधी वर लिहिलं, माझ्याकडून.

“सही करा,” ती म्हणाली. “आन् खाली हुद्दा बी लिवा.”