तांदूळ किती लागले?

एकोणीस माणसांची ती रांग अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. नव्वदच्या दशकातली गोष्ट. धानोऱ्याकडच्या एका गावात जंगलातले बंदूकवाले, म्हणजे नक्षलवादी, जेवून गेले, अशी खबऱ्याने टीप दिली. वरून हुकूम आला, गावातले सगळे पुरुष उचला. मी तिथला फौजदार, मी उचलले. तेही ऐन भाताच्या रोवणीत.

ठाण्यात एकेकाला वेगळं बसवून विचारलं, तर प्रत्येकाचा जबाब एकच. "मीच जेवाले देल्लं, साहेब."

वरिष्ठ खूश झाले. मी नाही. एकाच जेवणाचे एकोणीस यजमान कसे? मी पुन्हा एकेकाला बोलावलं. "तांदूळ किती लागले?" एक म्हणाला अर्धी पायली, दुसरा दोन पायल्या. तिसरा वैतागून म्हणाला, "थे बाईले मालूम!"

"कोणती बाई?" विचारताच तो पुन्हा पहिल्या जबाबावर आला, "मीच जेवाले देल्लं."

मी गावाकडे निघेपर्यंत सगळ्यांची रवानगी तुरुंगात झाली होती. बाईने नांगराला हात लावायचा नाही, ही तिथली रीत. पण शिवारात बायाच चिखलात नांगर हाकत होत्या. मी तोच तांदळाचा प्रश्न विचारला. मग एक विधवा नांगर सोडून पुढे आली.

"भात मी रांधला. दारात बंदूक होती, घरात माही पोरगी. तुमी आले असते तं तुमालेबी रांधला असता."

"मग गावाने अंगावर का घेतलं?"

"मले नेलं असतं तं पोरीले कोनं पाह्यलं असतं?"

इतकं मोठं काळीज मी नोकरीत दुसरीकडे पाहिलं नाही. धाकाखाली जेवण दिल्याचा तिचा जबाब नोंदवला, वरिष्ठांशी भांडलो. तरी एकोणिसांची सुटका व्हायला दीड महिना गेला. त्यातले दोन तरुण आत खऱ्याखुऱ्या बंदूकवाल्यांच्याच बराकीत होते. बाहेर आले आणि वर्षाच्या आत जंगलात निघून गेले. अख्खं गाव आत टाकलं की गुन्हेगार सापडत नाही, तयार होतो, हे मी तिथे शिकलो. ते दोघे माझ्या खात्यावर आहेत.

धान निघाल्यावर एकदा दुपारी त्या गावात गेलो होतो. त्याच बाईने आग्रहाने जेवायला बसवलं. बायांनी पिकवलेला तो भात गोड होता. पण माझ्या कमरेला पिस्तूल होतं. तिने मायेने वाढलं की भीतीने, हे विचारायची माझी छाती झाली नाही.