उचगावच्या डब्यातल्या भिंती

किस्से गोळा करायला मी कुठं जात नाही. नात पूनम इंटरनेटच्या तारा जोडायचं काम करते, तिचं ऑफिस उचगावात एका इमारतीच्या जिन्याखाली. दुपारी मी तिचा डबा घेऊन जाते आणि संध्याकाळपर्यंत तिथंच खुर्ची टाकून बसते. चढणारा माणूस एक किस्सा ठेवून जातो, उतरणारा त्यात दुरुस्ती करून जातो. मोबाईलमधल्या फोटोंसारखं झालंय. साठतंय सगळं, पुसायला कुणाला सवड नाही.

हे एकाच आठवड्यातले.

*

वरच्या मजल्यावर तीन गाळे. पहिल्यात वकीलसाहेब, घटस्फोटाच्या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. मधल्या गाळ्यात शोभाताईंचं वधूवर केंद्र. तिसऱ्यात दातांच्या डॉक्टरीणबाई. तिघांना मिळून इंटरनेट एकच, जिन्याखालच्या एका डब्यातून वाटलेलं. त्या डब्याला स्विच म्हणतात.

सोमवारी सकाळी शोभाताईंकडं गडहिंग्लजचे पावणे. दोन घरची माणसं समोरासमोर, पसंती झालेली, पेढ्याचा बॉक्स उघडलेला. तेवढ्यात कोपऱ्यातला प्रिंटर आपला आपण सुरू झाला. मुलाच्या मामाला वाटलं, पत्रिका आली. त्यानं कागद उचलला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, "लग्नानंतर तिसऱ्याच महिन्यापासून अर्जदार पत्नीचा सासरी छळ..."

मुलीची आई म्हणाली, "लईच तयारीनं आलायसा की."

पावणे पेढा न खाता गेले. पेढे मला आले. टाकून कसं चालंल?

*

वकीलसाहेबांना खाजगी गोष्टींची फार काळजी. जिन्यात उभं राहून, रस्त्यावरच्या वडाप जीपवाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी ती बोलून दाखवली. "माझ्या अशिलांचे कागद शेजारी निघतात म्हणजे काय? शनिवारी मालक येणार हाईत. तोवर बंदोबस्त झाला तर झाला, न्हाईतर दुसरा माणूस बघू."

पूनमचं हे पहिलंच मोठं काम. मालकांची मुरगूडला दुसरी इमारत उभी राहतीय. तिथलं काम मिळणार की हातातलंही जाणार, हे सगळं शनिवारवर आलं.

तिनं उपाय काढला, प्रायव्हेट व्हीलॅन. तिनं मला सांगितलं तसं सांगते. डब्याला ओळीनं भोकं, प्रत्येक गाळ्याची तार वेगळ्या भोकात. तिथून वाट फक्त मोठ्या दारापर्यंत, म्हणजे इंटरनेटच्या तारेपर्यंत. शेजाऱ्याकडं वाटच नाही. कुणी दोघांनी मिळून मागितलं तर तेवढ्या दोघांचा गट करून देता येतो.

हे वर जाऊन सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "म्हंजे मला क्वारंटाईन करतीयस व्हय? मला काय झालंय?"

शोभाताई तर फुगूनच बसल्या. "भिंत घालायची हाय तर सरळ तोंडावर सांग की. आजपासनं भडंग पाठवत न्हाय कुणाला."

भिंत तारांच्या पोटात, उपास आमच्या.

*

बुधवारी पूनमनं सगळं बसवलं, तपासलं आणि ती टेंबलाईला नमस्कार करून यायला गेली. मागं मी बसले. डब्यावर बोटभर धूळ. शनिवारी मालक येणार आणि हे असं? मी तारा काढल्या, डबा ओल्या फडक्यानं पुसला, तारा परत लावल्या. त्यांच्यावर पूनमनं चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. मला वाचता येत नाही, म्हणून रंग लावून बसवल्या. निळ्याशेजारी निळी, पिवळ्याशेजारी पिवळी. दिसायला झकास.

इंटरनेटची तार शोभाताईंच्या भोकात गेली आणि शोभाताईंची तार मोठ्या दाराच्या. वकिलांचं नेट बंद, डॉक्टरीणबाईंचं बंद. एकट्या शोभाताईंचं जोरात सुरू, आणि वर सगळ्यांची कॉम्प्युटरं त्यांनाच दिसायला लागली. भिंती एवढ्या पक्क्या, की एका बाईला सोडून सगळे आत.

पूनम आली, डब्याकडं बघत राहिली. म्हणाली, "आज्जी, तुला नोकरीवर ठेवलंय कुणी?"

मी म्हटलं, "फुकट करतीय म्हणून किंमत न्हाय."

*

गुरुवारी सगळं जागेवर आलं. वकीलसाहेब लगेच खाली. "प्रिंट निघत न्हाय."

पूनम वर गेली, मीही गेले. ती म्हणाली, "साहेब, प्रिंटर कुठाय तुमचा?"

साहेबांनी कपाटाकडं बघितलं, पंख्याकडं बघितलं. म्हणाले, "शोभाताईंचा हाय की."

वर्षभर साहेब त्यांच्याच प्रिंटरवर कागद काढत होते. शोभाताई येतात अकराला. त्याआधी दोन गाळ्यांमधल्या समाईक दारातून जायचं आणि कागद उचलायचे. सोमवारी पावण्यांसाठी त्या लवकर आल्या, एवढ्यानंच ते फुटलं.

पूनम म्हणाली, "तुमीच बंदोबस्त मागितलासा."

"मागितला. पण माझं काम अडलं म्हंजे तुझं काम नीट झालं न्हाय. मालकांना मी तसंच सांगणार."

कायदा शिकलेल्या माणसाचं बरं असतं. चोरी आपण करायची आणि कुलूप वाईट म्हणायचं.

त्या दिवशी पूनमनं भाकरी अर्धी टाकली.

*

शनिवारी मालक आले. तिघांना जिन्याखाली बोलावलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बेस हाय." शोभाताई म्हणाल्या, "आता कुणाचं काय येत न्हाय." मालकांनी वकिलांकडं बघितलं.

साहेब खाकरले. "काम चोख हाय. फक्त माझ्या आन् शोभाताईंच्या मधली भिंत तेवढी काढता येईल का?"

शोभाताईंनी पदर सारखा केला.

पूनम म्हणाली, "येईल की. दोघांचा गट करते. पण दोघांची लेखी संमती पायजे."

मालक हसायला लागले. म्हणाले, "पोरी, मुरगूडची चावी सोमवारी घेऊन जा."

शोभाताई वर गेल्या, कागद घेऊन आल्या. त्यांच्याकडं कागद एकाच प्रकारचा, केंद्राचा फॉर्म. साहेबांनी चष्मा लावून तो मागून पुढून वाचला, नाव लिहिलं, शिक्षण लिहिलं, सही ठोकली. शोभाताईंनी हातात घेऊन सगळ्यांसमोर खणखणीत वाचला. 'अपेक्षा'च्या रकान्यात साहेबांनी लिहिलं होतं, "प्रिंटर. शक्यतो रंगीत."