उतारावर सुटलेली फटफटी

माझ्या लग्नाला वर्ष व्हायचं होतं, तेव्हाची ही गोष्ट. माहेर मादन हिप्परगा, सासर हळ्ळीखेड. संस्थान भारतात आलं होतं, तरी आमच्याकडं पाट्या अजून उर्दूतच होत्या. घरात मराठी, दुकानात कानडी आणि बाजारात दखनी असं तिन्ही भाषांवर आमचं चालायचं. सासऱ्यांची तूर आणि करडईची आडत होती. गाव त्यांना अप्पा म्हणायचं आणि सासूबाईंना अव्वा. मीही तेच म्हणू लागले.

त्या साली अप्पांनी फटफटी आणली. सिकंदराबादेत लष्कराच्या जुन्या गाड्यांचा लिलाव निघाला होता, तिथून. घरात कुणाला विचारलं नव्हतं. रंग शेवाळासारखा, पुढचा दिवा एका बाजूला चेपलेला, आणि मागं बसायला लोखंडी पट्टीवर अप्पांनी शिवून घेतलेली गादी. अव्वांनी दिव्याला विभूती लावली, दोन पावलं मागं सरल्या आणि विचारलं, "बैलाला वेसण असती. हिला थांबवायचं कसं?"

अप्पांनी पायाखालची पट्टी दाबून दाखवली. "हे मागच्या चाकाचं. अन् ही हातातली मूठ पुढच्या चाकाची. चाकाच्या पोटात दोन नाली हायेत, घोड्याच्या नालेसारख्या. दाबलं की त्या आतून चाकाला घट्ट धरतेत."

अव्वांनी मान हलवली.

उन्हाळ्यात आमच्याकडच्या रस्त्यांवर तांबडा मुरूम पिठासारखा होतो. तो चाकांच्या पोटात गेला असावा, कारण चैत्रापासून ब्रेक दाबला की गाडी किंचाळायची. अप्पा दुकानावरून घरी यायचे ते साऱ्या गल्लीला कळायचं. अप्पांना त्याचं काही वाटत नव्हतं. अव्वांना वाटायचं.

वैशाखात अव्वांच्या भावाच्या मुलीच्या लग्नाची बोलणी निघाली. अव्वांचं माहेर घाटीच्या खाली होतं. आमच्या गावाबाहेर दोनअडीच कोसांवर माळ संपतो आणि रस्ता जांभा दगडातून वळत वळत खाली उतरतो, त्याला आम्ही घाटी म्हणायचो. बैलगाडीला उतरताना चाकामागं लाकूड बांधावं लागायचं. अप्पा म्हणाले, फटफटीनं जाऊ, दिवस मावळायच्या आत परत येऊ. अव्वा पहिल्यांदाच फटफटीवर बसणार होत्या. इरकल नेसल्या, दोन्ही हातांत नव्या हिरव्या बांगड्या भरल्या. जेवणं उरकून दोघं निघाली. मी दारात उभी होते. वळणावर अप्पांनी ब्रेक दाबला असणार, पण त्या दिवशी गाडी किंचाळली नाही. मला ते जाणवलं आणि बरंच वाटलं.

दुपार कलली तेव्हा मी अंगणात तूर निवडत होते. बैलगाडीचा आवाज आला म्हणून वर पाहिलं. आमच्या शेजारच्या शिवारातला एक म्हातारा शेतकरी बैलांच्या पुढं चालत होता. गाडीत कडब्यावर अव्वा बसल्या होत्या. डोक्यावरचा पदर नव्हता, कपाळ फुटलेलं, सारं अंग तांबड्या धुळीनं भरलेलं. आणि दोन्ही हात मोकळे. एक बांगडी नव्हती.

मी उठले नाही. उठायला हवं हे कळत होतं, पण त्या मोकळ्या मनगटांवरून नजर निघेना. सकाळी मीच त्या बांगड्यांचा जोड काढून दिला होता.

"अव्वा, अप्पा कुठं हायेत?"

"गेले," त्या म्हणाल्या.

एवढंच. शेजारच्या बायका गोळा झाल्या होत्या. त्यांनीही मनगटं पाहिली, आणि कुणीतरी हंबरडा फोडला. माझे यजमान दुकानावरून धावत आले. म्हातारा त्यांना सांगत होता, "मी शेताच्या वाटेनं रस्त्यावर आलो तर या पडल्या व्हत्या. रक्त लई व्हतं. खाली वळणापलीकडं काय झालं ते मी बघितलं न्हाई. अगुदर यांना घरी आणलं." यजमानांनी दुसऱ्या गाडीला बैल जुंपायला लावले, भावकीतले चौघं घेतले आणि घाटीकडं गेले. गाडीत त्यांनी एक घोंगडी टाकली. ती कशासाठी, हे मला समजलं.

मी अव्वांना आत नेलं. कोमट पाण्यानं कोपरातला मुरूम काढताना त्या एकदाही कण्हल्या नाहीत. भिंतीकडं बघत हळूहळू सांगत होत्या.

"उतार लागला. ते पाय दाबायलेत, दाबायलेत, गाडी ऐकंना. मूठ आवळली, तरी ऐकंना. मला म्हणाले, घट्ट धर. अन् मी सोडून दिलं. उडी टाकली. त्यांना ठाऊकच न्हाई मी मागं न्हाई म्हणून. वळणावर गाडी दिसंनाशी झाली, मग खाली मोठ्ठा आवाज झाला. मग कायच न्हाई."

"बांगड्या?"

त्यांनी मनगटांकडं पाहिलं. फुटल्यात हे त्यांना तोवर माहीतच नव्हतं. रस्त्याकडेच्या डगरीवर आपटल्यावर फुटल्या असतील. पण त्यांनी ती मनगटं अशी पाहिली, जणू तोही निकालच होता, आणि पदराखाली झाकून घेतली.

बाहेर बायका रडत होत्या. मला रडू येत नव्हतं. मी तेच तेच फडकं पिळत होते.

घाटीत काय झालं ते यजमानांनी मला नंतर सांगितलं. अप्पांची गाडी शेवटच्या वळणावरून सरळ रस्ता सोडून खालच्या शेतातल्या कडब्याच्या गंजीत घुसली होती. गंज मोठी होती म्हणून अप्पा वाचले. आत गाडले गेले आणि काही वेळ त्यांना शुद्धच नव्हती. बाहेर निघून पहिल्यांदा त्यांनी मागं पाहिलं, तर गादी रिकामी. आधी गंज उपसली. मग लंगडत घाटी चढले. रस्त्यावर हिरव्या काचा आणि रक्त सापडलं, अव्वा सापडल्या नाहीत. म्हाताऱ्याची बैलगाडी तोवर निघून गेली होती. शेजारी खोल ओघळ होती. अप्पांना वाटलं, त्या तिथं गडगडत गेल्या.

आमचे लोक पोचले तेव्हा खालच्या शेतातली माणसं काठ्यांनी ओघळीतली झुडपं बाजूला करत होती, आणि अप्पा गुडघ्यावर बसून हातानं पाला उपसत होते. यजमानांना आधी ते ओळखूच आले नाहीत. त्यांची तयारी वडिलांचं प्रेत बघायची होती.

"अप्पा," ते म्हणाले, "काय शोधायलाव?"

"तुझी आई," अप्पा म्हणाले आणि पुन्हा पाला उपसू लागले.

"अव्वा घरी हाय."

अप्पा थांबले नाहीत. यजमानांनी त्यांचे दोन्ही हात धरले तेव्हा कुठं त्यांच्या डोक्यात ते शिरलं. मग ते तिथंच ओघळीत बसून राहिले. त्यांना गाडीत उचलून घालावं लागलं. प्रेतासाठी नेलेली घोंगडी त्यांच्या खांद्यावर टाकली.

सूर्य मावळायच्या बेतात होता तेव्हा बैलगाडी दारात आली. अप्पा आत आले, केसांत कडबा, एक पाय ओढत. रडणाऱ्या बायका गप्प झाल्या. अव्वा उठल्या, सगळ्यांच्या देखत पुढं गेल्या आणि त्यांचं मनगट धरलं. सासू-सासऱ्यांना एकमेकांना हात लावताना मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. चारचौघांत तर असं कुणीच करत नसे. अव्वांनी मनगट सोडलंच नाही, धरूनच त्यांना बाजल्यावर बसवलं. दोघंही एकमेकांकडं बघत होती, आणि दोघांच्या चेहऱ्यावर आनंद म्हणावा असं काही नव्हतं. भीतीच होती.

बातमी मात्र आमच्या पुढं पळाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी अव्वांच्या माहेरची माणसं रडत दारात आली. त्यांनी ऐकलं होतं, दोघंही गेली. अप्पा ओसरीवर दात घासत होते. अव्वांचा थोरला भाऊ त्यांना पाहून जागच्या जागी खाली बसला. अप्पांनीच त्याला तांब्याभर पाणी नेऊन दिलं. माणूस पाणी पीत होता आणि तांब्यावरून अप्पांकडं बघत होता.

चार दिवसांनी फटफटी बैलगाडीत घालून आणली आणि हुमनाबादहून मिस्त्री बोलावला. तो मोटारलॉऱ्यांची कामं करायचा. अंगणात त्यानं मागचं चाक काढलं, मधलं डबड्यासारखं झाकण उघडलं, आणि आत बोट फिरवून बोट नाकापाशी नेलं.

"सावकार, इसमें तेल कौन डाला?"

अप्पा पुढं झाले. नाली काळ्या चिकट झाल्या होत्या, वरची जाड पट्टी भिजून चमकत होती. पुढच्या चाकात तेच. मिस्त्री म्हणाला, ही पट्टी कोरडी आणि खरखरीत पाहिजे, तरच चाकाला धरते. तेल लागलं की नुसती घसरते. आणि उतारावर तुम्ही क्लच दाबून धरला असणार, म्हणून इंजिननंही गाडीला आवरलं नाही. अप्पांनी मान डोलावली. हो, घाबरून दाबला होता.

मग अप्पा वळले. दारात मी, यजमान, दुकानातला माणूस, सगळे उभे होते. ते एकेकाकडं बघत होते. त्यांच्या मनात जे आलं होतं ते आमच्याही मनात आलं. आडतीच्या धंद्यात चार माणसं दुखावलेली असतातच. कुणीतरी मुद्दाम केलं.

"मी घातलं," अव्वा आतून म्हणाल्या.

त्या उंबऱ्याशी आल्या. "माहेरी जायच्या आदल्या दिवशी. पळीनं. करडीचं तेल. दोन्ही चाकांत, त्या फटीतून. किंचाळायली व्हती म्हणून. बैलगाडीचा आख ओरडला की वंगण घालतेत, तसं घातलं."

मिस्त्रीनं मान खाली घातली आणि उगीच पाना पुसत बसला. अप्पांच्या तोंडाचा रंग उडाला होता. मला वाटलं, आता ते ओरडतील. मी त्यांना त्याहून लहान गोष्टींवर ओरडताना ऐकलं होतं.

"मला इचारलं कामून न्हाईस?" ते अगदी हळू म्हणाले.

"तुमी गाडी आणताना मला इचारलं व्हतं का?"

अव्वांचा आवाज तिथंच फाटला. त्या खाली बसल्या आणि त्या दिवसापासून न आलेलं रडू तेव्हा आलं. "मीच मारलं असतं तुमाला," त्या म्हणत राहिल्या. अप्पा बाजूला उभे होते. काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. शेवटी ते मिस्त्रीला म्हणाले, "हिला दाखव. सगळं दाखव."

मिस्त्री थोडा बिचकला, पण त्यानं दाखवलं. तेल प्यालेली पट्टी काढून टाकली आणि लॉरीच्या ब्रेकच्या पट्टीतून नवी कापून तांब्याच्या खिळ्यांनी बसवली. खिळ्यांची डोकी पट्टीत खोल गेली पाहिजेत, वर राहिली तर चाक खरवडतात, हे त्यानं बोटानं चाचपायला लावलं. आतून डबडं पेट्रोलनं धुतलं, काचकागदानं घासलं. किंचाळली तर उघडून धूळ पुसायची, तेलाचा थेंब न्यायचा नाही. हाताच्या मुठीची तार सैल पडते, ती आवळायची. अव्वा नाकाला पदर लावून सगळं बघत होत्या. मीही त्यांच्यामागं उभी राहून बघितलं. त्या वयात मला वाटलं नव्हतं की हे कधी माझ्या ध्यानात राहील.

पुढं अप्पा कुठंही निघाले की अव्वा बाहेर यायच्या. गाडी तेव्हा बंदच असायची. अप्पांनी पायाखालची पट्टी दाबायची आणि अव्वांनी मागून जोर लावून ढकलायचं. मग मूठ दाबायची, पुन्हा ढकलायचं. चाक तसूभरही हललं नाही तरच त्या बाजूला व्हायच्या. गल्लीतले लोक हसले, मग हसायचे थांबले. एकदा मूठ दाबूनही पुढचं चाक सरकलं. अप्पा पटवाऱ्याला भेटायला निघाले होते, घाईत होते. अव्वा गाडीपुढं उभ्या राहिल्या. तार आवळल्याशिवाय त्यांनी गाडी अंगणाबाहेर जाऊ दिली नाही.

भाचीचं लग्न दिवाळीनंतर झालं. बाकी आम्ही बायका बैलगाडीतून गेलो, पण अव्वा अप्पांच्या मागं बसल्या. त्यांना कुणी तसं सांगितलं नव्हतं. घाटीच्या माथ्यावर आमची बैलगाडी पोचली तेव्हा फटफटी थांबलेली होती. अव्वा खाली उतरल्या होत्या आणि पायी उतार उतरत होत्या. अप्पा गाडी हळूहळू पुढं नेत होते, थांबत होते, मागं बघत होते. प्रत्येक वळणावर ते वळून गादीकडं आधी बघायचे, मग अव्वांकडं.

मी विचारलं, "अव्वा, ब्रेक बरा न्हाई का?"

"बरा हाय," त्या म्हणाल्या. "मी सकाळीच बघितलाय. पण इथं आलं की मला बसवंना."